उमरेडच्या गल्लीत शिकलेला हुकूम

नागपूरला तीन आठवडे राहून काय पाहिलंत, असं रत्नागिरीत मला जो तो विचारतो. मी खरं तेच सांगते, पुढच्या बाईची मान पाहिली. रांगेत उभं राहिलं की समोर मानच असते, आणि बाजूला काही दिसलंच तरी तिकडे बघायची सोय नसते. त्यातूनही वेळ काढून मी थोडंफार पाहिलं, थोडंफार खाल्लं, एकदा मैदानाच्या कडेला बसून रडले, आणि एका म्हातारीकडून एक गोष्ट शिकून आले. तिकडे कधी न गेलेल्यांसाठी ते सगळं लिहून ठेवते.

जाण्याचं कारण असं. आमच्या कॉलेजात मुलांचं छात्रपथक तीन वर्षांपासून आहे. शनिवारी सकाळी कवायत, महिन्यातून एकदा बंदूक, सुट्टीत शिबिर. मुली व्हरांड्यात उभ्या राहून बघायच्या. मग एके दिवशी अठरा जणींनी सह्या करून एक कागद माझ्या हातात दिला, की आमचंही पथक काढा. मी भूगोल शिकवते, कवायतीशी माझा काय संबंध? पण नियम असा, की मुलींचं पथक हवं तर कॉलेजातल्याच एका शिक्षिकेनं नागपूरला जाऊन अधिकाऱ्याचं प्रशिक्षण घ्यायचं आणि पास व्हायचं. दुसरी कोणी तयार होईना. मी कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून पुन्हा वाचला.

"आधी तुम्ही पास होऊन या," ते म्हणाले. "नापास झालात तर मात्र बाई, हा विषय परत माझ्या टेबलावर आणायचा नाही."

मला राग लवकर येतो. त्या रागाच्या भरातच मी ट्रंक भरली आणि अठरा सह्यांचा तो कागद तळाशी, लोकरीच्या स्वेटरखाली ठेवला.

मैदानावर

नागपूर आणि आमचं रत्नागिरी एका राज्यात येऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. राज्य एक झालं म्हणून माणसाच्या अंगाला ते कळतंय थोडंच! पौषातली तिथली थंडी आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ठाऊकच नाही. पहाटे बादलीतलं पाणी असं असायचं, की तोंड धुवायच्या आधी मी त्याच्याकडे जरा वेळ नुसती बघत बसायची. आमचे तंबू शहराच्या दक्षिणेला एका मोकळ्या माळावर होते. रोज उजाडायच्या आत हुडकेश्वर नावाच्या खेड्याच्या दिशेनं धावत जायचं आणि धावत परत यायचं. खेड्यातल्या बाया अंगण झाडता झाडता थांबून आमच्याकडे बघत. खाकी साडी, कमरेला पट्टा, पायात कॅनव्हासचे बूट आणि मागे सुटलेले अंबाडे अशा तीस बाया धापा टाकत चालल्यात. मी त्यांच्या जागी असते तर मीही झाडू टाकून बघितलं असतं.

तीसच्या तीस आम्ही शिक्षिका. हा काय प्रकार असतो, ते आम्हाला शिकवणाऱ्या हवालदार धकात्यांना विचारावं. हुकूम सुटला, की आम्ही तो पाळायच्या आधी तपासायचो. एकीचं पाऊल चुकलं, की मागची तिला समजावून सांगायची, की चुकलं कसं. त्यावर तिसरी म्हणायची, असं नाही ते.

"बाई हो," एकदा धकाते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "रांगेत एकच जण शिकवते. आज तो मी आहो."

धकाते उमरेडचे, कोष्ट्याच्या घरचे, चाळिशीचे, सडसडीत. मैदानावर त्यांची हिंदी कडक, आणि मैदान सुटलं की तीच जीभ मऊ वऱ्हाडी बोलायची. माझ्या तंबूतली सोबतीण इंदू गावंडे. अकोल्याकडची, शेतकऱ्याच्या घरची, इतिहास शिकवायची. तिचा आणि माझा पहिला परिचय बंदुकीच्या तासाला झाला. मी डोळे मिटून पाच गोळ्या झाडल्या. माझ्या पाटीवर चार भोकं, इंदूच्या पाटीवर सहा.

"काहून वं," ती म्हणाली, "माझी एक चुकली असती तं तुझी कामी आली असती. पण मी चुकत नाही ना."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मधली चाचणी झाली. प्रत्येकीनं पाच मिनिटं सगळ्या तुकडीला हुकूम द्यायचे, चालवायचं, वळवायचं, थांबवायचं. मला भीती अशी नव्हती. ऐंशी मुलांच्या वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि तिथे झोपलेल्यालाही उठवतो. मी उभी राहिले आणि एका दमात हुकूम सोडत सुटले. "दाहिने मुड!" निम्म्या उजवीकडे वळल्या, निम्म्यांना वळायचं कळेपर्यंत मी "तेज चल" म्हणून मोकळी. दोन रांगा एकमेकींच्या अंगावर गेल्या. मी थांबवायला ओरडले, तेही भलत्याच पावलावर, आणि वर त्यांना समजावून सांगायला लागले, की उजवीकडे म्हणजे घड्याळाचा हात नव्हे तो. कोणीतरी फसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या.

बाजूला आमचे मेजरसाहेब कागद घेऊन उभे होते. उंच, अबोल गृहस्थ, डेहराडूनकडचे. त्यांनी माझ्या नावापुढे काय लिहिलं, ते संध्याकाळी फळ्यावर लागलं. आवाज आहे, हुकूम नाही. अनुत्तीर्ण.

मी मैदानाच्या कडेला जाऊन एका दगडावर बसले आणि रडले. स्वतःसाठी रडले असं म्हणणार नाही, स्वतःचा तर मला रागच आला होता. डोळ्यांसमोर तो कागद येत होता. शेवटची परीक्षा सहा दिवसांवर होती. तीतही असंच झालं, तर त्या अठरा जणींना मी परत व्हरांड्यात उभं करणार होते.

धकाते जवळ आले, उभेच राहिले.

"बाई, रडून राहिल्या काय?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं. तुमचा हुकूम म्हंजे कसा, घरात दूध उतू चाललं मनून हाक मारावी तसा हाय. धावतात सारे, पण कुठं धावाचं ते कोणाले समजत नाही." जरा थांबून म्हणाले, "माझी माय पांजणीले हाक देते. तशी द्या."

पांजणी म्हणजे काय, हे विचारायच्या आत त्यांना कुणीतरी बोलावलं. मला वाटलं, त्यांची आई जोरात ओरडत असणार. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ माळाच्या टोकाला जाऊन बाभळीच्या झाडांना हुकूम द्यायला लागले. झाडं वळली नाहीत. घसा मात्र बसायला लागला.

सीताबर्डी

रविवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. इंदूनं सायकल रिक्षा केली आणि आम्ही सीताबर्डीला गेलो. वर टेकडीवर किल्ला, खाली ही बाजारपेठ. कापडाची दुकानं, पुस्तकांची दुकानं, दुकानदार निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलणारे. आमच्याकडे दुकानदार गिऱ्हाईक आलं, की आधी ते कशाला आलंय हे ओळखतो आणि मगच मान वर करतो. इथे आधी "या बाई, बसा" आणि मग काम. मला ते आवडलं, हे कबूल करायला माझ्या कोकणी जिवाला जरा जड जातं.

संत्र्याच्या ढिगाशी एक बाई बसली होती. मी भाव विचारला तर भाव सांगायच्या आधी तिनं एक संत्रं सोलून निम्मं माझ्या हातावर ठेवलं.

"खाऊन पाहा आधी. मंग भाव."

"नाही आवडलं तर?"

"तं उठून जाजा. तुमचं तोंड, तुमची मर्जी."

मी डझनभर घेतली. हापूसच्या देशातून आलेल्या बाईनं दुसऱ्या फळाची तारीफ करू नये, म्हणून इथे एवढंच लिहिते, की तंबूत पोचेपर्यंत त्यातली सातच उरली होती. जेवायला एका खाणावळीत गोळाभात मागवला. भातात बेसनाचे तिखट गोळे, वर फोडणीचं तेल. वाढप्या म्हणाला, वर सांबार घालू काय? मी म्हटलं, नको, मला साधाच बरा. इंदू हसत सुटली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी कोथिंबीर नाकारणारी रत्नागिरीची पहिली बाई ठरले.

उमरेड

परीक्षेच्या दोन दिवस आधी आम्हाला लष्करी ट्रकमधून उमरेडच्या अलीकडे सोडलं. तिथून सहा मैल कूच करत गावापर्यंत जायचं, गावातून पलीकडच्या शाळेच्या मैदानावर, तिथे जेवण, मग परत. वाटेत तुरीची शेतं उभी होती, पिवळी फुलं आणि शेंगा एकदमच. जमीन अशी काळी, की आमच्या तांबड्या मातीत वाढलेल्या डोळ्यांना ती ओलीच वाटत राहते. त्या दिवशी तुकडीची पुढारी मी होते. मी "बाएँ, दाहिने" ओरडून ओरडून पहिल्या तीन मैलांतच आवाजाचा चुरा केला होता.

गावात शिरलो आणि एका गल्लीच्या तोंडाशी वाट बंद. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांबूच्या घोड्यांवर कमरेएवढ्या उंचीवर, सुताचा रुंद ताणा ताणलेला. पांढरं, ओलं सूत उन्हात चमकत होतं. दोन्ही बाजूंना पाच-पाच माणसं, बाया आणि पुरुष, हातात मोठे कुंचे घेऊन सुतावर भाताची पेज बसवत चाललेली. मागावर चढवायच्या आधी सुताला अशी खळ द्यावी लागते, म्हणजे विणताना ते तुटत नाही. हीच ती पांजणी.

कडेनं जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट होती. आम्ही तीस. माझ्या मनात आलं, वाकून खालून जावं, वेळ वाचेल. मी तसा हात करून पुढचीला वाकायला सांगितलंसुद्धा.

"ए बाई," एक आवाज आला. मोठा नव्हता. "ताण्याखालून जात नसते."

गल्लीच्या मध्यावर एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, हातात कुंचा नाही, काही नाही. आमच्या मागून धकाते पुढे आले आणि तिला बघून त्यांची पाठ, जी तीन आठवड्यांत कधी वाकली नव्हती, ती वाकली.

"माय, या माझ्या बाई आहेत, शिबिरातल्या."

"तं त्याइले समजाव ना गा. आणि बूट घालून कुठं आला सुतापाशी? काढ."

हवालदार धकात्यांनी तीस बायांसमोर एका पायावर उभं राहून बूट काढले. आम्ही सावधानमध्ये उभ्या होतो, म्हणून बरं. हसू दाबून इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारी म्हणाली, जरा थांबा, आता पलटवतो, मग एका बाजूनं वाट देतो. आम्ही थांबलो. एका अंगाला खळ बसली होती, आता तो सबंध ताणा उलटा करायचा होता, म्हणजे दुसऱ्या अंगाला कुंचा फिरवता येईल. दहा माणसं, एवढं लांब ओलं सूत, सगळ्यांनी एकदमच उचलायचं आणि एकदमच फिरवायचं. मी वाट बघत होते, आता ही ओरडेल.

ती ओरडली नाही. नेहमीच्याच आवाजात, पण लांबवून म्हणाली, "हाऽऽत लावा." आणि गप्प झाली.

गल्लीत काही हललं नाही. ती नुसती बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटाकडे एका बाईचा पदर खांद्यावरून सुटला होता. तिनं तो खोचला, हात सुताखाली घातला. मग म्हातारी अगदी आखूड बोलली, "पलटवा."

दहा जणांचे हात एकदम फिरले. ताणा पालथा होऊन परत घोड्यांवर बसला, आणि एक धागा तुटला नाही.

आम्ही मैदानावर हेच तर करायला धडपडत होतो. धकात्यांनी शंभरदा सांगितलं होतं, की हुकमाचे दोन तुकडे असतात, पहिला लांब, दुसरा आखूड, मधे थांबा. वहीत लिहूनही घेतलं होतं मी ते, भूगोलाच्या बाईच्या सुवाच्य अक्षरात. पण त्या थांबण्याचं करायचं काय, हे वहीत नव्हतं.

शाळेच्या मैदानावर पोचल्यावर धकात्यांनी मला आणि इंदूला आईकडे जेवायला नेलं. आईनंच सांगून पाठवलं होतं, की त्या दोघीइले आण, बाकीच्याइले माझं भांडं पुरत नाही. घर म्हणजे पुढे माग, मागे चूल. ताटात ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि मटणाचा काळाभोर रस्सा, वर बोटभर तेल. आमच्याकडेही तिखट खातात, पण नारळ त्याला सांभाळून घेतो. इथे सांभाळणारं कोणी नाही. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली असावी. आधीच सोललेला घसा, त्यावर हा रस्सा. पण चव अशी होती, की मी रडत रडत दुसऱ्यांदा वाढून घेतला.

"हा तुमाले शिकवते काय?" म्हातारीनं मुलाकडे बोट दाखवून विचारलं. तिचं नाव भागाबाई.

"हो. फार चांगलं शिकवतात," मी म्हटलं. आवाज निम्मा फुटला, निम्मा नाही.

"मंग घसा कोण फाडला?"

"मीच. हुकूम मोठ्यानं द्यायला लागतो ना."

ती माझ्याकडे बघून हसली. दात दोन-तीनच होते.

"मोठ्यानं काहून? बहिरे हायेत काय सारे?"

"तुम्ही मधे थांबलात ते कशाला? दम घ्यायला?"

"दम कायचा वं. पाहा लागते ना, सगळ्याइचे हात पोचले का नाही. एकही हात मागं राहिला तं सूत तुटते. मंग मोठ्यानं बोंबलून का जुळते थे?"

धकाते खाली मान घालून भाकर मोडत होते. मला वाटतं, लहानपणापासून हजारदा ऐकलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

परीक्षेच्या सकाळी माझा आवाज पार गेला होता. इंदूनं गरम पाणी दिलं, मीठ दिलं, एका बाईनं ज्येष्ठमध दिलं. काही उपयोग नाही. घशातून निघत होतं ते फक्त खालच्या पट्टीतलं खरखरीत काहीतरी. मी मेजरसाहेबांना जाऊन सांगितलं, की घसा बसलाय. परीक्षा पुढे ढकलता का, हे शब्द माझ्या ओठांवर होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हिंदीत एवढंच म्हणाले, की लढाईत घसा बसला तर काय करता?

मी तुकडीसमोर उभी राहिले. एकोणतीस तोंडं माझ्याकडे. मी लांबवून म्हटलं, "टोलीऽऽ", आणि गप्प झाले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, समोर उभ्या असलेल्यांकडे मी बघितलं. डावीकडच्या तिसरीचा पट्टा सैल होता, ती तो सरळ करत होती. मागच्या रांगेतली एक शिंकेच्या बेतात होती. ती शिंकली. मी थांबले. इंदूचे डोळे माझ्या डोळ्यांत आले. सगळ्यांचे हात पोचले होते.

"सावधान."

साठ टाचांचा एकच आवाज झाला. साठ म्हणजे त्यात माझ्या दोन. नंतर चालवलं, वळवलं, परत वळवलं. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जेमतेम जात होता, म्हणूनच बहुधा त्या सगळ्या जिवाचे कान करून ऐकत होत्या. थांबवलं तेव्हा कोणी कोणावर गेलं नाही.

संध्याकाळी फळ्यावर लागलं. आवाज नाही, हुकूम आहे. उत्तीर्ण. इंदूनं मला उचलून गोल फिरवलं, पट्ट्यासकट. धकात्यांना मी वाकून नमस्कार करायला गेले तर ते दोन पावलं मागे सरले आणि कडक सलाम ठोकला. निघताना त्यांच्या हाती भागाबाईंना मी आमच्याकडची आमसुलं दिली. रश्शावर उतारा म्हणून, असं सांगायला सांगितलं.

परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांकडे गेले. प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, त्याच्यावर अठरा सह्यांचा कागद. त्यांनी चष्मा वर केला. नेहमी इथेच मी बोलायला सुरुवात करते आणि माझं वाक्य संपायच्या आत ते आपलं सुरू करतात.

"सर," मी म्हटलं, आणि थांबले.

त्यांनी एक कागद वाचला, दुसरा वाचला, चष्मा खाली केला, खिडकीबाहेर पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मी थांबलेलीच.

"शनिवारी साडेसहाला मैदान मोकळं लागेल," मग मी म्हटलं.

प्राचार्यांनी घंटी वाजवली आणि शिपायाला म्हणाले, "शनिवारी मैदान मोकळं ठेवा." मग आपण काय बोलून गेलो, असा चेहरा करून ते बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. तोवर मी दारापर्यंत पोचले होते.

शनिवारी समुद्रावरून दमट वारा येत होता. व्हरांडा रिकामा होता. अठराही जणी मैदानात आल्या होत्या, आखलेल्या चुन्याच्या रेषेवर, कोणी पोलक्यावर घट्ट ओढून पदर खोचलेला, कोणी भावाचे बूट घातलेले. मुलांचं पथक पलीकडे उभं राहून बघत होतं. माझा आवाज आता परत आला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी तो वापरला नाही.

"टोलीऽऽ," मी म्हटलं, आणि बघायला लागले. शेवटची मुलगी अजून वाकून बुटाची नाडी बांधत होती. सतरा जणी श्वास धरून उभ्या होत्या. घाईत पोरीची गाठ बसेना. मी थांबले. तिनं गाठ मारली, उठली, टाच रेषेला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

मग मी हुकूम दिला.